बाळी आता रडत नाही

४ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

काल फोनवर तू नुसतं "हो ताई, हो ताई" करत होतीस आणि मागे तुझ्या सासूबाईंचं शिलाई मशीन खडखडत होतं. फोन हॉलमध्ये आणि मशीन फोनला खेटून. तुझ्या तोंडून तिथे काही निघायचं नाही, हे मी ओळखलं. त्यापेक्षा आपलं पत्रांचंच बरं. बसच्या टपालात टाकलं की दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात, आणि पाकीट फोडणारी तू एकटी.

तर मला मावशी केल्याबद्दल आधी तुझे आभार. मुलगी झाली हे ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. आज परिचारिकांच्या वर्गात मी बाहुली उलटी धरून बाळाला कसं घ्यायचं ते समजावत होते. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, डोकं खाली आहे." सगळा वर्ग हसला, मीही हसले.

मला लगेच येता येत नाही, याचं मनाला लागून राहिलंय. आई असती तर ती तुझ्या उशाशी बसली असती. पण एक समाधान आहे. तू दुसऱ्या कुणासारखी अजाण नाहीस. ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतेस, आणि गेल्या वर्षी तुमच्या हॉस्पिटलात मी स्तनपानाचा वर्ग घेतला तेव्हा पहिल्या बाकावर बसली होतीस. वॉर्डातल्या सगळ्या जणी माझ्याच हाताखालून गेल्यात. त्यामुळे तू चांगल्या हातांत आहेस असं मी स्वतःला रोज बजावते.

आता कळव. चीक दिलास ना? दूध उतरलं का? बाळी तोंड नीट मोठं उघडून धरते का? छाती दुखते का? दिवसातून किती वेळा पाजतेस? सगळं सविस्तर लिही.

आणि सासूबाईंनी वरच्या दुधाचं काही काढलं, तर गोड बोलून टाळ. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण ऐकूही नकोस.

तुझी
ताई

५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं आणि मी ते न्हाणीघरात जाऊन वाचलं. बाळंतिणीला या घरात एकटं राहण्याची तेवढी एकच जागा आहे.

आधी बाळीबद्दल. केस भरपूर, नाक आपल्या बाबांचं (देव तिचं भलं करो), आणि हाताची बोटं इतकी लांब की हे म्हणतात, ही पेटी वाजवणार. हे वीजकेंद्रातल्या पाळीवरून आले की हात कोपरापर्यंत धुतात आणि मग तिच्याकडे नुसते बघत बसतात. उचलायची भीती वाटते म्हणे. मी काही विचारलं की "तू नर्स आहेस, तुलाच कळतं" म्हणतात. मोठा सोपा नवरा आहे माझा.

दूध येतंय हळूहळू. तू शिकवलंस तसंच धरते. पोटाला पोट, नाक स्तनाग्रासमोर, तोंड मोठं उघडायची वाट बघायची. ती उघडते, धरते, थोडं चोखते आणि मग सोडून रडते. फार रडते, ताई. पण पहिले दिवस असंच असतं, तूच सांगितलं होतंस.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर काल घरी येऊन गेल्या. आल्याबरोबर दारातूनच म्हणाल्या, "तुला मी काय शिकवणार बाई, तू तर मॅडमची बहीण." मग चहा प्यायल्या, बाळीला बघून "गोड आहे" म्हणाल्या, आणि निघताना मी दुधाचा विषय काढला तर पाठीवर थाप मारली. "प्रत्येक आईला दूध येतंच. विश्वास ठेव, पाजत राहा." तुझंच वाक्य आहे ना ते? त्यांच्या तोंडून ऐकताना मजा वाटली.

सासूबाईंनी पावडरच्या दुधाचा डबा आणून फडताळात ठेवलाय. काही बोलल्या नाहीत, नुसता ठेवला. मी तो पातेल्यांच्या मागे सरकवला. दुपारी बघते तर पुन्हा पुढे. असा आमचा मूक सामना चाललाय.

माझी तब्येत ठीक. अंगावरून अजून बरंच जातंय, पण ते चालायचंच. जिना चढताना जरा दम लागतो. झोप नाही ना, त्यामुळे.

काळजी करू नकोस. तुझी विद्यार्थिनी आहे मी.

तुझी
भिंगरी

६ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

शाब्बास. पत्र वाचून अर्धा जीव भांड्यात पडला.

बाळी रडते म्हणून तू रडकुंडीला येऊ नकोस. हीच ती वेळ असते, जेव्हा घरातले डबा पुढे करतात आणि आई खचते. एकदा का वरचं दूध सुरू झालं की बाळ अंगावर कमी ओढतं. कमी ओढलं की दूध कमी होतं. मग सगळे म्हणतात, "बघ, म्हटलं नव्हतं?" शेकडो घरांत मी हे बघितलंय. तुझ्या सासूबाई मनाने वाईट नसतील, पण त्यांच्या वेळी डबा म्हणजे प्रतिष्ठा होती. तो डबा तू पातेल्यांच्या मागेच ठेव, किंवा सरळ शेजारणीला देऊन टाक.

पाजत राहा. बाळी मागेल तेव्हा, मागेल तितकं. मोठ्या सिस्टर बरोबर बोलल्या. वर्गातलं त्यांच्या लक्षात राहिलं, हे ऐकून मला बरं वाटलं.

आता एक बातमी. या महिन्याच्या शेवटी तुमच्याच हॉस्पिटलात माझा पुन्हा वर्ग ठरलाय, आणि या वेळी परिचारिकांबरोबर डॉक्टरही बसणार आहेत. तुमचे ते मोठे बालरोगतज्ज्ञ आठवतात ना? गेल्या वेळी पाच मिनिटं डोकावले आणि भिंतीला टेकून पेंगले. या वेळी त्यांना पेंगू द्यायचं नाही असं मी ठरवलंय. भाषणाची सुरुवात तुझ्यापासूनच करणार आहे. "माझी स्वतःची बहीण, घरात विरोध असताना, फडताळात डबा तयार असताना…" असं. तू तोवर हिंडतीफिरती झालेली असशील. बाळीला घेऊन पुढे येऊन बस. शंभर तक्त्यांनी होणार नाही ते तुला बघून होईल.

मी तुझ्या जिवावर उड्या मारतेय, हे कळतंय मला. पण मारू दे. या कामात कौतुक करायला कुणी नसतं. डॉक्टर हसतात, सासवा कपाळाला आठ्या घालतात. घरचं एक माणूस ठामपणे उभं आहे, याचा आधार वाटतो.

बाळीच्या वजनाचं लिहायला विसरलीस. कळव.

ताई

८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

उत्तराला एक दिवस उशीर झाला. लिहायला बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते. बाळंतपणाचा थकवा, दुसरं काय.

आनंदाची गोष्ट ही, की बाळी आता रडत नाही. कालपासून एकदम गुणी झालीये. झोपते ती झोपतेच. पाजायला घेतलं की ओठ लावते, एकदोनदा ओढते आणि पुन्हा झोपते. मी तळपायाला गुदगुल्या करते, कान चोळते, ओल्या फडक्याने तोंड पुसते. तरी डोळे उघडत नाही. यांना मी म्हटलं, बघा, तुमच्या मुलीला आईची दया आली. ते हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. काल त्यांनी बाळीचा लंगोट माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "हा सकाळपासून कोरडा आहे." मी म्हटलं, मी बघते. मग म्हणाल्या, "तुमच्या घराण्यातच दूध नसेल. त्यात लाजायचं काय?" ते मला फार लागलं. आईचं नाव न घेता घेतल्यासारखं वाटलं. मी बाळीला घेऊन खोलीत आले आणि कडी लावली. तेव्हापासून जेवणाचं ताट दाराशी ठेवतात.

आज लंगोटावर थोडासा विटकरी डाग होता. नव्या कापडाचा रंग गेला असेल.

वजन नाही केलं. काटा हॉस्पिटलात आहे आणि माझ्याच्याने जिना उतरवत नाही.

वर्गात माझं उदाहरण दे, पण फार नको देऊस. म्हणजे दे. चालेल. मी येईन. फक्त तेव्हा मला काही बोलायला सांगू नकोस.

आई आपल्याला पाजायची का गं? तुला आठवतं का, माझ्या वेळचं?

भिंगरी

१० नोव्हेंबर

आदरणीय मॅडम,

प्रसूतिवॉर्डातून मी मोठी सिस्टर लिहितेय. काल फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून जे घडलं ते सगळं लिहून पाठवते. आधी महत्त्वाचं. दोघी जिवंत आहेत.

तुमचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. "बाळ रडत नाही, विटकरी डाग आहे, तू आत्ताच्या आत्ता जा," एवढंच तुम्ही म्हणालात. अंगातलं पाणी आटल्याची ती खूण आणि तुमचा आवाज ऐकून मी गणवेशातच निघाले. घरी पोचले तर सासूबाई पायांत चपला घालून, बाळाच्या कपड्यांचं गाठोडं काखेत घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभ्या. म्हणाल्या, "तिच्या बहिणीने मलाही फोन केला. मी मघापासून दार वाजवतेय, ती उघडत नाही. मुलगा कामावर. आता शेजाऱ्यांना बोलावून कडी तोडणार होते."

माझा आवाज ऐकून तिने दार उघडलं. चेहरा कागदासारखा पांढरा. मला म्हणते, "काही नाही हो सिस्टर, ताईला उगाच वाटतं. बाळ शांत आहे." मी खाली बसले आणि म्हटलं, माझ्यासमोर पाज. मॅडम, मागच्या वेळी मी त्या खोलीत उभी होते, तेव्हाच हे म्हणायला हवं होतं. बाळाने तोंड उघडलंच नाही. मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, अंग पिवळं.

गाडीतून नेताना सासूबाईंनी बाळाला छातीशी धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने तुमच्या बहिणीला. वॉर्डाच्या दारात तुमची बहीण कोसळली. उचलून खाटेवर घेतलं तेव्हा कळलं, तिचा रक्तस्राव थांबलेलाच नव्हता. घरी ती जुन्या चादरी फाडून वापरत होती आणि कुणाला दाखवत नव्हती. सोनोग्राफीत वारेचा तुकडा आत राहिलेला दिसला. लगेच थिएटरमध्ये नेलं. तिथे तिच्याच मैत्रिणी होत्या. तुकडा काढला, रक्त चढवलं. रात्रीपर्यंत रंग आला.

बाळाची साखर फार खाली गेली होती आणि रक्तात मीठ वाढलेलं. मोठे डॉक्टर स्वतः आले. म्हणाले, पाणी घाईने देऊन चालणार नाही, झटके येतील. हळूहळू सलाईन लावलं. आज सकाळी तिने डोळे उघडले. वाटीने पावडरचं दूध दिलं, ते प्यायली. डॉक्टर अजून "धोका टळला" म्हणत नाहीत.

वारेचा तुकडा आत असला तर दूध उतरतच नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मला आठवलं. तुमच्या वर्गात त्याची एक ओळ होती, शेवटच्या दिवशी, घाईघाईत. आमच्या सगळ्यांच्या तोंडी राहिलं ते "प्रत्येक आईला दूध येतंच." मी तिला तेच ऐकवून, तिचा चहा पिऊन आले.

आता जे लिहायचं ते लिहवत नाही. तुम्ही रात्रीच्या बसने निघणार होतात. मी तिला ते सांगितलं. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "ताईला आत्ता येऊ देऊ नका." मी म्हटलं, अगं, सख्खी बहीण आहे. तिने पुन्हा तेच सांगितलं. म्हणून मी फोन करून तुम्हाला थांबवलं. रागावू नका. ती बरी होईपर्यंत तिचं म्हणणं ऐकू या.

आपली
मोठी सिस्टर

१२ नोव्हेंबर

भिंगरी,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. पहिल्यात मी माझी बाजू मांडली होती. दुसऱ्यात नुसती रडले होते. तिसऱ्यात तुला झापलं होतं.

तो राग अजून आहे, लपवत नाही. तू मला खोटं का लिहिलंस? "दूध येतंय हळूहळू" असं का लिहिलंस? चादरी फाडत होतीस आणि मला लिहीत होतीस की ते चालायचंच. ते वाक्य मी वाचलं आणि पुढे गेले, हेही खरं. मी ते वाचलं, भिंगरी. माझ्या समोर कुणी परिचारिका हे वाक्य बोलली असती तर मी तिला तिथेच थांबवून दहा प्रश्न विचारले असते. तुझ्या पत्रात मी फक्त दूध शोधत होते.

तुझं आठ तारखेचं पत्र मी वर्ग चालू असताना फोडलं. "बाळी आता रडत नाही" इथपर्यंत आले आणि खडू हातातून पडला. मुलींना वाटलं, माझ्या घरचं कुणी गेलं. मी फोनकडे धावले. तुझ्या सासूबाईंनी उचलला. मी काही सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "मी तिला सांगून थकले. तुम्ही सांगा. ती तुमचंच ऐकते."

महिनाअखेरचा वर्ग मी रद्द करतेय. तशी चिठ्ठी तुमच्या मोठ्या डॉक्टरांना उद्या जाईल.

तू बोलावशील तेव्हाच येईन. नाही बोलावलंस तरी समजेन. बाळी कशी आहे एवढं मोठ्या सिस्टरांकडून कळवत जा.

तू आईबद्दल विचारलं होतंस. तुझ्या वेळी आई आजारी होती. आपल्या काकूने तुला वरच्या दुधावर वाढवलं. मी वाटी धरायचे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटेल असं मला वाटायचं.

ताई

१९ नोव्हेंबर

ताई,

आज घरी सोडलं. बाळी माझ्या शेजारी आहे आणि रडतेय. सासूबाई म्हणतात, "रडू दे, कानाला गोड लागतं."

तुला येऊ दिलं नाही, कारण तू आलीस तर मी तुझी समजूत काढत बसले असते. लहानपणापासून तेच करत आलेय. तुझा चेहरा पडलेला मला बघवत नाही. गुण कमी पडले तरी आधी तुला हसवायचे आणि मग प्रगतिपुस्तक दाखवायचे.

खोटं का लिहिलं विचारतेस. तू प्रत्येक पत्रात विचारलंस, दूध उतरलं का, चीक दिला का, वजन किती. मी त्यांची उत्तरं दिली. भिंगरे, तू कशी आहेस, असं एकदाही नव्हतं. असतं तरी मी खरं सांगितलं असतं की नाही, देव जाणे. मग तू म्हणालीस, माझ्यापासून भाषणाला सुरुवात करणार. त्या दिवशी मी डबा हातात घेतला होता, ताई. झाकण उघडलं होतं. तेवढ्यात तुझं पत्र आलं आणि मी झाकण परत लावलं.

हे तुला टोचायला लिहीत नाही. म्हणजे थोडं टोचायला लिहितेय. पण मीही शिकलेली आहे, माझं मलाही कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर मी कडी आतून लावली नसती, बाळाला उचलून पळत सुटले असते.

आता दुधाचं. तो तुकडा काढल्यावर एका पहाटे छाती दगडासारखी झाली आणि झंपर भिजला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अभिनंदन." मला इतका राग आला की उशी फेकावीशी वाटली. इतके दिवस मी मनात कमजोर आहे, माझा विश्वास कमी आहे, असं सगळे म्हणत होते आणि मीही म्हणत होते. आणि आत नुसता एक मांसाचा तुकडा होता.

दूध आलं, पण बाळीला अजून सगळं पुरत नाही. आधी अंगावर पाजते, मग वाटीने. वाटीचं काम सासूबाईंचं. "घराण्यात दूध नाही" म्हटल्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही, पण रोज माझ्या वेण्या घालतात. मी पोर असल्यासारख्या घट्ट घालतात. डोकं दुखतं, पण मी काही बोलत नाही.

वर्ग रद्द करू नकोस. मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलंय की होणार. मी बाळीला घेऊन बसेन. पण तू सुरुवातीला खोलीत असायचं नाहीस. तू असलीस की मी तुझ्याकडे बघत उत्तरं देईन. तू बाहेर बाकावर बस, मग आत ये आणि तुला जे शिकवायचं ते शिकव. मान्य असेल तर ये.

वाटीचं सांगितलंस ते बरं केलंस. लवकर सांगायला हवं होतंस.

भिंगरी

२० नोव्हेंबर

भिंगरी,

मान्य. बाकावर बसते.

तक्ते आणत नाहीये. भाषणही नाही. राहिलेल्या वेळात मी वारेपासून सुरुवात करणार आहे आणि अंगावरून जाणाऱ्या रक्तापासून. शेवटच्या दिवशीची ती घाईतली ओळ आता पहिल्या तासाला येईल.

भिंगरे, तू कशी आहेस?

ताई

२ डिसेंबर

प्रिय ताई,

वर्ग संपवून तू बाहेर आल्यावर "मी आत यायच्या आधी काय झालं, सांगशील?" म्हणालीस आणि मी "लिहीन" म्हणाले. कबूल केल्याप्रमाणे लिहितेय. खरं म्हणजे बोलायला गेले असते तर मला शब्द फुटला नसता.

तू बाकावर बसलीस, दार लागलं आणि मला वाटलं आपण पळून जावं. पंचवीसेक माणसं होती. मी खुर्चीवर, मागे सासूबाई वाटी झाकून बसलेल्या. बाळीने नेमकं तेव्हाच तोंड वाकडं केलं. मी तिला छातीशी घेतलं तर पहिल्या रांगेतली एक जण उठली, सवयीने माझा स्तन एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने बाळीचं डोकं त्यावर दाबलं. बाळी किंचाळली. मी तिचा हात काढला. म्हटलं, "विचारा ना आधी." ती इतकी ओशाळली की मलाच वाईट वाटलं.

मग प्रश्न सुरू झाले. किती वेळा पाजतेस, कोणत्या बाजूने, वाटीने का, वाटी सुरू केल्यावर अंगावरचं कमी झालं नाही का. मी उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तराबरोबर पुन्हा परीक्षेला बसल्यासारखी आखडत होते. बाळी धरायची, सोडायची, रडायची. मोठे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. पेंगत नव्हते, हे तुला सांगायला हवं. त्यांनी विचारलं, "तू इथलीच नर्स. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. मग एक फोन का नाही केलास?"

आवाज चढा नव्हता त्यांचा. मी म्हटलं, "डॉक्टर, कुणीही आलं असतं तर मला शाबासकी देऊन गेलं असतं. मोठ्या सिस्टर देऊन गेल्या. मला शाबासकी नको होती, कुणीतरी बसायला हवं होतं." मोठ्या सिस्टरांनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे बघत म्हटलं, "नंतर तुम्ही बसलात. म्हणून आम्ही दोघी इथे आहोत." त्यांनी पदराने डोळे पुसले.

मग नवीनच नोकरीला लागलेली एक मुलगी आहे, तिने अडखळत विचारलं, "आत्ता तुम्हाला कसं वाटतंय?"

ताई, मी उत्तर तयार करून आले होते. "बरं वाटतंय, सगळ्यांची आभारी आहे." तोंडातून निघालं, "भीती वाटते." आणि मग थांबेचना. ती झोपली की मी नाकाखाली बोट धरते, हे सांगितलं. रडली की जीव कासावीस होतो आणि गप्प झाली की त्याहून जास्त, हे सांगितलं. सासूबाई दुसऱ्या खोलीत गेल्या तरी हाक मारून बघते, हेही. यांनी परवा विचारलं, "तू हसणार कधी?" आणि मला त्याचा राग आला, तेसुद्धा सांगितलं. परक्या माणसांसमोर असं कधी बोलले नव्हते. कुणी "असं होतंच" म्हणालं नाही.

बोलता बोलता मी मागे टेकले होते, खांदे सैल झाले होते. बाळीकडे माझं लक्षच नव्हतं. अचानक मोठ्या डॉक्टरांनी हात वर केला आणि हळूच म्हणाले, "ऐका." मला वाटलं, बाहेर काही झालं. सगळे कान देऊन बसले. मग मलाही ऐकू आलं. बाळी पीत होती. घुटका, मग श्वास, मग घुटका. इतक्या माणसांच्या खोलीत तेवढा एकच आवाज. डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं मी बाळांना तपासतोय, हा आवाज मी कधी थांबून ऐकला नव्हता." आणि सगळे ती सोडेपर्यंत तसेच बसून राहिले. बाळीचं डोकं दाबणारी ती पहिल्या रांगेतली बाईसुद्धा. पुढे सासूबाईंनी वाटी उघडली आणि उरलेलं पाजलं, तेव्हाही कुणी काही म्हणालं नाही.

मग दार उघडलं. तू बाकाच्या अगदी टोकाशी बसली होतीस, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मला वाटलं, तू पहिल्यांदा बाळीकडे बघशील. तू माझ्याकडे बघितलंस. मग आत जाऊन जे शिकवलंस ते मी दाराशी उभी राहून ऐकलं. तू चुकलीस कुठे, ते तू त्यांना सांगितलंस, माझं नाव न घेता. मला तू तेव्हा फार दमलेली दिसलीस. तुला कुणी कधी विचारतं का गं, तू कशी आहेस?

मोठ्या सिस्टर परवा भेटल्या. म्हणाल्या, वॉर्डात त्यांनी प्रत्येक खाटेपाशी एक स्टूल ठेवलंय. आणखी कौतुक सांगत होत्या, पण बाळीचा सूर लागला आणि मी निघाले.

भीती गेलेली नाही. रोज थोडी वेगळी असते. डॉक्टरांनी समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलंय, त्यांच्याशी जाऊन बोलते. आज पहिल्यांदा हे बाळीला घेऊन एकटे गच्चीवर गेले आणि मी त्यांना हाक मारली नाही.

रविवारी ये. फोनवर विचारलंस तर सासूबाई "सगळं छान" म्हणतील, मीही तेच म्हणेन. म्हणून बाळी किती प्यायली, वजन किती वाढलं, ते या पत्रात मुद्दामच लिहीत नाही. तू ये, माझ्याजवळ बस आणि स्वतःच बघ.

तुझी
भिंगरी